शिकारी पक्ष्यांच्या गणनेची हिवाळी सहल : दिवस चोख, रात्र घाईची

ससाणे, भोवत्या (माळावर जमिनीलगत संथ उडणारे शिकारी पक्षी) आणि घुबडे मोजण्यासाठी काढलेल्या दोन दिवसांच्या सहलीत मी या हिवाळ्यात सहभागी झालो. सहल पक्षी दाखवण्याची नसून मोजण्याची होती, त्यामुळे तिचे मूल्यमापनही मोजणीच्या कसोटीवरच केले आहे.

दिवसाचे काम निर्दोष होते. वाहन संथ गतीने चाले, दोघे जण आपापली बाजू पाहत, तिसरा नोंदी करी आणि मागून येऊन पुढे गेलेला पक्षी आधीच मोजला गेला असण्याची शक्यता असल्याने तो धरला जात नसे. कापशी घार आणि खरूची (एक छोटा ससाणा) दोघीही हवेत एका जागी फडफडतात. मार्गदर्शकांनी शेपटीची लांबी पाहायला शिकवल्यावर माझी नेहमीची गफलत थांबली. भोवत्यांच्या माद्या व अल्पवयीन पक्षी मात्र जाणकारांनाही चकवतात. अशा प्रत्येक पक्ष्यापुढे ‘भोवत्या, जाती अनिश्चित’ असेच लिहिले गेले. यादी फुगवण्याचा मोह टाळणारे मार्गदर्शक मला तरी क्वचितच भेटले आहेत.

संध्याकाळी गवताळ माळाच्या कडेला, भोवत्यांच्या रातथाऱ्यापाशी (रात्री एकत्र मुक्काम करण्याच्या जागेपाशी), सूर्यास्ताच्या तासभर आधीच आम्ही बसलो. हे पक्षी जमिनीवर उतरण्यापूर्वी घिरट्या घालतात, उतरून पुन्हा उठतात. म्हणून आत येणारे मोजून बाहेर जाणारे वजा केले जात. अंधारताना त्याच गवतातून आखूड कानांचे घुबड उठले. माझ्या ८×४२ (आठपट मोठे दाखवणाऱ्या, ४२ मिलिमीटर रुंद भिंगाच्या) दुर्बिणीतून ते स्पष्ट दिसले, शेजाऱ्याच्या १०×४२ मधून धूसर. पहिलीतून डोळ्यात येणारा प्रकाशझोत सुमारे ५.२५ मिलिमीटर रुंद असतो, दुसरीतून ४.२, संधिप्रकाशात एवढा फरकही जाणवतो.

तक्रार आहे ती पहिल्या रात्रीची. प्रत्येक थांब्यावर ध्वनिमुद्रित घुत्कार वाजवले गेले. उत्तर देणारे घुबड आवाजाच्या दिशेने सरकते, त्यामुळे तेच पुढच्या थांब्यावर पुन्हा मोजले जाऊ शकते. शिवाय काही मोठी घुबडे हिवाळ्यातच विणीला लागतात, त्यांना हा त्रास देणे गैर आहे. आक्षेप नोंदवल्यावर दुसऱ्या रात्री इंजिन बंद करून केवळ कान देऊन मोजणी झाली. आकडा निम्म्यावर आला, पण तो मला मान्य आहे. पहिल्या रात्रीचा आकडा अहवालातून वगळावा, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे.