मोटर की हँडल? गिटारचं पिकअप घरी भरणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर मामाची गिटार माझ्याकडे आली. मामा राहतो मालवणला, तीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतोय, आणि गिटारही जवळपास तेवढीच जुनी. खारा वारा, मांडवातली ओल, हाताचा घाम असं सगळं तिनं पचवलेलं. ब्रिजजवळचं पिकअप, म्हणजे गिटारच्या तारांचा कंप पकडून विजेत बदलणारी चुंबक-कॉइल, मात्र गेलं होतं. मल्टीमीटर लावला तर काटाच हलेना. वरचे वेढे नव्यासारखे चकचकीत होते, म्हणून तार सोडत सोडत आत गेलो. अगदी तळाशी, डी स्ट्रिंगच्या चुंबकाला टेकलेल्या तारेवर मोहरीएवढा हिरवा ठिपका होता. जुन्या पद्धतीच्या सिंगल कॉइलमध्ये, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपमध्ये, तार थेट चुंबकांवरच गुंडाळतात. चुंबक गंजला की सगळ्यात आतला वेढा आधी खाल्ला जातो, आणि तिथे डाग देऊन भागत नाही. अख्खी कॉइल नव्यानं भरावी लागते.

तेव्हापासून आजवर अकरा पिकअपं भरली. पहिली पाच शिलाई मशीनच्या मोटरवर, पुढची सहा पंखे भरणाऱ्यांकडे असतं त्या हँडलच्या वाइंडिंग मशीनवर. या दोन्हींत कुठलं घेऊ, असं बरेच जण विचारतात, म्हणून हे लिहितोय. सिंगल कॉइल आणि दोन कॉइलचं हंबकर यांच्या फरकात शिरत नाही.

आधी तारेबद्दल, कारण इथे चुकलात तर मोटर काय आणि हँडल काय, दोन्ही वाया. परदेशी माहितीत सगळीकडे ४२ गेज (तारेच्या जाडीचा नंबर) लिहिलेलं असतं. मी पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन ऐटीत ‘बेचाळीस नंबर द्या’ म्हणालो आणि दुकानदारानं इमानदारीत बेचाळीसच दिली. घरी आल्यावर साडेतीन हजार टर्न (वेढे) व्हायच्या आत बॉबिन, म्हणजे तार गुंडाळायचा साचा, तुडुंब भरलं आणि मीटरवर रोध जेमतेम एक किलोओम, हवा होता सहाच्या आसपास. घोळ असा, की त्यांचं ४२ हे अमेरिकन गेज, म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडचे वाइंडिंगवाले मोजतात एसडब्ल्यूजी या ब्रिटिश गेजमध्ये, आणि त्यातली ४२ नंबर तार ०.१ मिलिमीटरची. आपल्याला लागते एसडब्ल्यूजी ४६, म्हणजे ०.०६१. नंबर न सांगता मिलिमीटर सांगा. पंखा भरणारा एवढी बारीक तार सहसा ठेवत नाही, रिले आणि छोट्या कॉइल भरणाऱ्यांकडे विचारायचं.

आता मोटर. तिची बाजू भक्कम आहे, हे आधीच मान्य करतो. १९५४ साली आलेल्या फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या पिकअपला सुमारे ८,००० टर्न असत, म्हणजे किलोमीटरभर तार. मोटरवर हे आठ-दहा मिनिटांत उरकतं. पायाखाली पेडल असल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. एका हाताच्या चिमटीत लोकरीच्या फेल्टमधून तार धरायची, दुसऱ्यानं ती डावी-उजवीकडे नेत राहायची. रंगात आलं की मजा येते, खोटं कशाला बोला.

मोजणीसाठी मी ती जुनीच युक्ती केली. कॅल्क्युलेटरच्या ‘बरोबर’ बटणाच्या दोन्ही टोकांना रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) जोडायचा, फिरत्या चकतीवर एक छोटा चुंबक चिकटवायचा, आणि ‘१ + १’ दाबून मोटर सुरू करायची. प्रत्येक फेरीला आकडा एकानं वाढतो. सावकाश चालवलं तर छान चालतं, पण मिनिटाला हजार फेऱ्यांच्या पुढे माझा कॅल्क्युलेटर आकडे गिळायला लागला. पडद्यावर ७,२०० दिसताहेत आणि बॉबिन मात्र काठोकाठ! हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर) आणि मोजायला एखादं अर्डुइनो, म्हणजे छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड, बसवलं की हा प्रश्न सुटतो, त्यामुळे मोजणीवरून मी मोटरला फेल करणार नाही.

मी तिला फेल केलं ते सुरुवातीच्या झटक्यासाठी.

शिलाई मशीनची मोटर हळू सुरूच होत नाही. पेडल थोडं दाबलं तर नुसती गुणगुणते. आणखी थोडं दाबलं तर अजून गुणगुणते. केसभर आणखी दाबलं की एकदम उडी मारते. एकदा फिरायला लागली की हळूही चालवता येते, पण थांबलेल्याची चालू होताना तिला जो जोर लागतो तो पुढे लागत नाही, आणि तो सगळा जास्तीचा जोर तारेवर येतो. कापड शिवताना हे चालून जातं. केसाएवढ्या तारेला नाही चालत. आणि आठ हजार टर्नांत आपण एकदाच थोडंच सुरू करतो? नाक खाजतं, तार रिळावर अडकते, कुणीतरी बेल वाजवतं. थांबलात की परत सुरू करायचं, आणि परत सुरू करायचं म्हणजे परत जुगार.

माझं तिसरं पिकअप ६,४०० टर्नांवर तुटलं. दुधाची पिशवी घ्यायला उठलो होतो. परत बसलो, पेडलवर पाय ठेवला आणि टिक् असा बारीकसा आवाज आला. तो आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही. तुटलेली टोकं खरवडून, पीळ देऊन, डाग देऊन, वर टेपचा तुकडा लावून जोडता येतात. पण तिथे उंचवटा येतो, त्यावरून पुढचे वेढे घसरतात, आणि आत एक जोड आहे ही गोष्ट डोक्यातून जात नाही. मी ते सगळं कापून टाकलं आणि शून्यापासून पुन्हा भरलं. पंख्याचा रेग्युलेटर लावूनही पाहिला, फरक एवढाच पडला की उडी थोडी उशिरा आली.

मोटर आईच्या मशीनची होती, हे सांगायचं राहिलं. चार महिने ती बिचारी पायानं मशीन चालवत होती. मोटर परत करताना मी झटक्याचं रडगाणं गायलो तर म्हणाली, ‘‘ती पहिल्यापासून अशीच आहे. म्हणून तर मी आधी हातानं चाक फिरवते, मग पाय देते. विचारायचं होतंस.’’ तर ही युक्ती मोटरवाल्यांनी उचलावी. चकतीला बोटानं गती द्या आणि मग पेडल दाबा, झटका निम्म्यानं कमी होतो. फक्त तार सांभाळायला तेवढ्यापुरता एकच हात उरतो.

हँडलच्या मशीनवर झटका हा प्रकारच नाही, कारण सुरुवात आपल्या मनगटात असते. तार जरा ताणली गेली की हँडलच्या मुठीला कळायच्या आत चिमटीला कळतं आणि हात आपोआप थबकतो. सहा पिकअपांत माझी तार एकदाच तुटली, तीही रिळाच्या काठाला खरचटून. माझ्या मशीनच्या जलद दांड्याला हँडलच्या एका फेरीत आठ फेऱ्या मिळतात, म्हणजे ८,००० टर्नांसाठी हँडल हजारदा फिरवायचं. ऐकायला भयंकर वाटतं. मध्ये चहा धरून पाऊण तास लागतो.

त्याचा काउंटर दातेरी चाकांचा. त्याला सेल लागत नाही, तो आकडे गिळत नाही, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो उलटाही मोजतो. दुरुस्तीत याचं मोल कळतं. बाहेरच्या बाजूला कुठेतरी तार तुटलेलं पिकअप आलं, तर बॉबिन मशीनवर लावायचं आणि तार हातानं ओढत सोडायची. तुटलेली जागा सापडेपर्यंत किती वेढे गेले ते काउंटर सांगतो, तेवढेच परत भरायचे. मधलं पिकअप शेजारच्याबरोबर वाजवताना गुंजारव कमी व्हावा म्हणून ते उलट दिशेनं भरायचं असेल (आणि अर्थात चुंबकही उलटे), तर हँडल उलटं फिरवायचं. तेव्हा शून्यामागून ९९९९ येतो, वजाबाकी आपण करायची. मोटरची दिशा मात्र नुसती पिन उलटी घालून बदलत नाही. तिथे बॉबिनच उलटं चिकटवावं लागतं, आणि घाईत विसरायला होतं.

हँडलचे तोटेही आहेत, लपवत नाही. एक हात हँडलला गेल्यामुळे तारेसाठी एकच उरतो, आणि पहिल्या पिकअपला वेढे एका कडेला ढीग करून बसतात. दोन्ही कडांना तारेसाठी आडकाठी म्हणून दोन रिंगा लावल्यावर माझं सुधारलं. खांदा दुखतो. दिवसाला तीन पिकअपं भरायची असतील, धंदा करायचा असेल, तर सरळ मोटर घ्या, पण शिलाई मशीनची नको. डीसी मोटर आणि वेग हळूहळू चढवणारा कंट्रोलर घ्या. माझ्या एका मित्राकडे तशी आहे आणि ती लोण्यासारखी चालते. ती जुळवण्यात त्याचे दोन महिने गेले, एवढं फक्त लक्षात असू द्या.

आवाजात काय फरक, हा प्रश्न येणारच. मला विचाराल तर या दोन पद्धतींत नाही. दोन्हींत तार हातानंच नेली जाते, आणि वेढे थोडे विस्कळीत बसल्यानं जो मोकळेपणा येतो म्हणतात, तो त्या हाताचा. पन्नाशीच्या दशकात फेंडरच्या कारखान्यात तारा हातानंच नेत. तिथल्या अबिगेल यबारा या कारागीर बाईंचं नाव आजही गिटारवाले आदरानं घेतात. गिब्सनच्या १९५७ च्या हंबकरांत दोन कॉइलचे टर्न बरेचदा जुळत नसत, आणि लोक आज त्या तफावतीसाठीच जास्त पैसे मोजतात. तेव्हा दोनशे टर्न इकडेतिकडे झाले म्हणून झोप उडवून घेऊ नका.

मीटरच्या आकड्यावरही फार जीव लावू नका. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. डिसेंबरच्या सकाळी ६ किलोओम दाखवणारं पिकअप मे महिन्याच्या दुपारी साडेसहाच्या जवळ जातं. मामाला फोनवर मी ५.९ सांगितलं आणि त्यानं मालवणात उन्हात मोजून ६.३ सांगितलं. दहा मिनिटं आम्ही एकमेकांना खोटं पाडत होतो.

भरून झाल्यावर मेणात बुडवायचं काम दोन्हीकडे सारखंच: पॅराफिनमध्ये थोडं मधमाश्यांचं मेण, पातेल्यात पाणी आणि पाण्यात डबा, ६५ अंशांच्या आसपास. थेट गॅसवर कधीही नाही, आणि प्लॅस्टिकचं बॉबिन असेल तर थर्मामीटरवरची नजर हलवायची नाही. किनारपट्टीवर राहत असाल तर तार गुंडाळण्याआधी चुंबकांना लॅकर द्या किंवा पातळ टेपचा एक वेढा घ्या. मामाच्या पिकअपला तीस वर्षांपूर्वी कुणी एवढं केलं असतं, तर माझी ही विद्या सुरूच झाली नसती.

माझा कल कुठे ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. तरी पैसे घालण्याआधी एकदा हात लावून बघा. ओळखीच्या मोटर भरणाऱ्याकडे दुपारी जा, पुण्यात एक ते चार त्याचं मशीन मोकळंच असतं. त्याच्या दांड्यावर पंख्याचे साचे बसतात, पिकअपचं बॉबिन नाही. म्हणून तीन मिलिमीटर ॲक्रिलिकची, मधोमध भोक पाडलेली पट्टी आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप स्वतःची न्या. भोक त्याच्या दांड्याच्या मापाचं हवं, ते आदल्या दिवशी विचारून घ्या.