पायाचं हाड मोडल्यावर घरचं पेडल यंत्र: काही महिन्यांच्या वापरानंतर

पाय प्लास्टरमध्ये किंवा वॉकर बूटमध्ये (प्लास्टरऐवजी घालायच्या कडक बुटात) असताना हे यंत्र घ्यावं का? घ्यावं, पण वजन उतरवायला म्हणून नाही. दम टिकावा, मांड्या-खांदे ढिले पडू नयेत आणि दिवसभर बसून येणारी मरगळ जावी, यासाठी घ्यावं. वजनाचा हिशोब ताटातच मिटतो. जाहिरातीत नेमकं याच्या उलट लिहिलेलं असतं, म्हणून हे आधी सांगितलं.

इथे लिहितोय ते साध्या, घर्षणावर चालणाऱ्या यंत्राबद्दल. लोखंडी नळ्यांची चौकट, मधून आस, दोन पेडल, वर जोर कमी-जास्त करायची घुंडी आणि एक छोटी स्क्रीन. वजन अडीच-तीन किलो, किंमत साधारण हजार ते दोन हजार रुपये. मुंबईच्या वन-रूम-किचनमध्ये पलंगाखाली सरकतं, ही त्याची खरी जमेची बाजू.

स्क्रीनवरच्या कॅलरी विसरून जा. यंत्राला तुमचं वजन माहीत नाही, घुंडी किती आवळली तेही माहीत नाही. ते फक्त फेऱ्या मोजतं. ७० किलोच्या माणसाने हलक्या-मध्यम जोरावर अर्धा तास पेडल मारलं तर साधारण १०५ किलोकॅलरी जळतात. त्यातल्या ३५ नुसतं बसूनही जळल्याच असत्या. म्हणजे पदरात पडल्या ७०, जवळपास दीड छोटा चमचा तेल. एक किलो चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी असतात. नुसत्या या यंत्रावर विसंबलात तर त्या एका किलोसाठी रोज अर्धा तास याप्रमाणे ११० दिवस लागतील.

पायावर अजिबात भार द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं त्या आठवड्यांत यंत्राचा सगळ्यात चांगला उपयोग हातांनी होतो, आणि तोच फार कमी लोक करतात. यंत्र जेवणाच्या टेबलावर ठेवायचं. आस खांद्याच्या उंचीला किंवा किंचित खाली यायला हवी. टेबल ठेंगणं असेल तर यंत्राखाली लाकडी पाट ठेवा, खुर्ची उंच असेल तर बदला. हात पुढे पूर्ण गेल्यावरही कोपरात थोडा बाक राहिला पाहिजे. कोपर ताठ होत असेल तर खांदा पुढे ओढला जातो आणि दोन-तीन दिवसांत मानेपासून दुखायला लागतं. खाली योगा मॅटचा तुकडा घाला आणि चौकटीचा मागचा पाय सुतारी शिकंज्याने टेबलाच्या कडेला आवळा. नुसत्या रबरी टोप्यांवर ते सरकत सरकत समोरच्या भिंतीला जाऊन भिडतं. खुर्ची मात्र लाकडी किंवा लोखंडी, पाठ भिंतीला टेकलेली. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय लादीवर फाकतात, आणि एक पाय जायबंदी असताना तोल सावरता येत नाही.

वेग मिनिटाला ५०-६० फेऱ्या. सुरुवातीला दोन मिनिटं पुढे, दोन मिनिटं उलट, मग एक मिनिट आराम, असं वीस मिनिटांपर्यंत न्यायचं. उलट फिरवणं टाळू नका. कुबड्यांमुळे छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू आखडलेले असतात, त्यावर तो चांगला उतारा आहे. सवय झाल्यावर एक मिनिट जोरात, एक मिनिट सावकाश, अशा दहा जोड्या. जोर इतकाच की लहान वाक्य बोलता यावं. हातांच्या कामात रक्तदाब पायांपेक्षा जास्त चढतो, त्यामुळे दाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घुंडी आवळू नये.

चांगल्या पायाने एकट्यानेही पेडल मारता येतं. फक्त दुसऱ्या बाजूचं पेडल आधी काढून टाका, नाहीतर ते मोकळं फिरत नडगीवर आपटतं. पेडल आट्यांनी बसणारं असेल तर डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावलात तर ते सुटण्याऐवजी घट्ट होईल. दुखरा पाय बाजूच्या स्टुलावर, उशीवर. एका पायाने फिरवताना वरच्या टोकाला हिसका बसतो, म्हणून घुंडी अगदी सैल ठेवायची आणि पेडलवरच्या पट्ट्याच्या आधाराने पाय वरही ओढायचा. बूट घातलेला पाय मात्र पेडलवर ठेवू नये. बूटाचा तळ गोलसर असतो, पट्ट्यात मावत नाही, घसरतो.

दुखऱ्या पायाची पाळी येते ती भार द्यायची परवानगी मिळाल्यावर, आणि इथे पाय कुठे टेकवायचा हे महत्त्वाचं. पाचवं मेटाटार्सल, म्हणजे पायाच्या करंगळीमागचं लांब हाड, किंवा पुढच्या पंजातलं दुसरं कुठलं हाड मोडलेलं असेल तर चवड्याने पेडल मारू नका. तळव्याचा मधला भाग किंवा टाच पेडलवर येऊ द्या. पुढच्या हाडांवर वाकवणारा ताण त्याने कमी होतो. पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाजवळचा एक भाग असा आहे की तिथे रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथलं फ्रॅक्चर जुळायला वेळ घेतं आणि घाई केली तर पुन्हा मोडतं. त्यामुळे "शेजाऱ्यांचं सहा आठवड्यांत बरं झालं" याला काही अर्थ नसतो. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटं, जोर शून्य. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊल जास्त सुजलेलं किंवा ठणकणारं असेल तर आदल्या पायरीवर परत या. पोटरी एकाच बाजूची दुखून सुजली, गरम लागली, किंवा अचानक धाप लागली तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर गाठा. ती रक्ताच्या गुठळीची लक्षणं असू शकतात. मधुमेहाने तळव्याची जाणीव कमी झालेली असेल तर पट्ट्याखालची कातडी रोज बघायची.

हे यंत्र एक गोष्ट करूच शकत नाही, ती म्हणजे पोटरी परत आणणं. बूट निघाल्यावर दोन पोटऱ्यांतला फरक टेपने मोजता येतो, आणि पेडलच्या हलक्या भाराने तो भरत नाही. त्यासाठी टाचा उचलाव्या लागतात. आधी बसून, गुडघ्यावर पाच किलो तांदळाची पिशवी ठेवून. मग ओट्याला धरून दोन्ही पायांवर उभं राहून. मग दोन्ही पायांवर वर जाऊन एकट्या दुखऱ्या पायावर सावकाश खाली. खाली येताना तीन-चार अंक मोजा, ताकद तिथेच येते. चालणं सुरू कराल तेव्हा पेव्हर ब्लॉकचे उखडलेले फुटपाथ सोडा. मरीन ड्राइव्हचा कट्ट्यालगतचा सपाट रस्ता बरा. पावसाळ्यात कुबडीच्या टोकाचं रबर दर आठवड्याला उलटून बघा. खाचा झिजल्या की ओल्या लादीवर कुबडी सरळ निसटते.

आता यंत्राच्या कटकटी. पंधरा-वीस मिनिटांत आस तापते. आतली पट्टी आसेवर घासूनच जोर निर्माण करते, त्यामुळे हे होणारच. हात लावू नका, आणि एका दमात अर्धा तास नको, मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. काही आठवड्यांनी खाली काळी भुकटी पडते, ती त्या पट्टीचीच झीज, आणि घुंडी पूर्वीपेक्षा जास्त आवळावी लागते. करकर आवाज आला की लोक शिलाई मशीनचं तेल ओततात. तेल पट्टीवर गेलं की जोरच लागत नाही, यंत्र मोकळं फिरतं. तेल फक्त आसेच्या टोकांना, एक थेंब, कापसाने. प्रत्येक फेरीला एकदाच टक् असा आवाज येत असेल तर बहुतेक पेडल नीट आवळलेलं नाही. आणि पावसाळ्याच्या दमट हवेत नळ्यांच्या जोडांना गंज धरतो, घाम पुसल्याशिवाय ठेवू नका.

ताटाचं थोडक्यात पण ठाम सांगतो: उपाशी राहू नका. हाड जुळायला ऊर्जा आणि प्रथिनं लागतात. रोजच्या गरजेपेक्षा ३०० किलोकॅलरी कमी, एवढंच पुरे. प्रथिनं वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ७० किलोला ८४ ते १०५ ग्रॅम. नुसत्या वरण-भाताने ते होत नाही. अंड्यातून ६ ग्रॅम, १०० ग्रॅम बांगड्यातून साधारण १९-२०, १०० ग्रॅम पनीरमधून १८ मिळतात. मटकीची उसळ वाटीऐवजी ताटाचा मुख्य पदार्थ करा, भात निम्मा करा. ओल्या बोंबलात पाणी जास्त, त्यामुळे प्रथिनं बांगड्यापेक्षा कमी; शिवाय तो बहुतेक वेळा तळून खाल्ला जातो. कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम: दोन पेले दूध-ताक-दही आणि नाचणीची भाकरी यांनी बराच पल्ला गाठता येतो. तेल मात्र चमच्याने मोजून घ्या. घरी बसल्यावर वजन वाढतं ते बहुतेक चहाबरोबरच्या फरसाणाने.

वजनकाट्यावर एका पायाने भिंत धरून उभं राहिलात तर आकडा खोटाच येणार, बूट घातला तर त्याचा किलोभर त्यात मिसळणार. त्या काळात आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, बेंबीच्या पातळीवर टेपने कंबर मोजा.

थोडे जास्त पैसे असतील तर चुंबकीय यंत्र घ्या. ते तापत नाही, आवाज करत नाही, जड असल्याने सरकत नाही. मात्र टेबलावर उचलून ठेवायला दुसरं माणूस लागतं. साधं घेणार असाल तर नवं कशाला, पाय बरा झाला की लोक ही यंत्रं विकून टाकतातच. जुनं घेताना पेडल धरून आस आडवी हलवून बघा, खडखडली तर सोडा. घुंडी शेवटपर्यंत आवळल्यावर फिरवायला जड जायला हवं. नाही गेलं तर पट्टी संपलेली आहे, आणि तिचा सुटा भाग बाजारात सहसा मिळत नाही.