याजी: म्हापशाच्या बाजारात सुटा मिळणारा हौसा मसाला

उत्तर नायजेरियात हौसा लोक काडीवर भाजून मांसाचे मसालेदार काप विकतात, त्याला सुया म्हणतात. सुयाचा जीव याजी या मसाल्यात, आणि याजीचा जीव कुली-कुलीत. म्हापशात मिळणारी ही पूड तिखटामिठाला चोख आहे. सुंठ ताजी आहे. किंबा, म्हणजे धुरकट वासाच्या काळ्या शेंगा, जरा कमी पडल्यात. खरी खोट आहे ती कुली-कुलीत.

कुली-कुली म्हणजे शेंगदाण्याची पेंड, पण गुरांना घालतात ती नव्हे. भाजलेले दाणे वाटून, गरम पाण्याचा हबका देत मळत राहायचं की तेल सुटतं. उरलेल्या पेंडीच्या कांड्या वळून त्याच तेलात कडक तळायच्या. उत्तर नायजेरियातल्या कानो शहराकडे हा बायकांचा घरगुती धंदा. तेल वेगळं विकतात, पेंड वेगळी. मळण्यात कसर राहिली तर कुटताना पूड न होता लगदा होतो. या मसाल्याचं तेच झालंय: चिमूट दाबली की गोळा होतो, कागदावर तेलाचा डाग पडतो. गोव्याच्या पावसाळी हवेत असा माल लवकर खवटतो. टिपकागदात दाबून तेल काढा आणि हवाबंद बरणीत, फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशीचा वास आला तर सरळ फेका. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजून जात नाही. ओल नीट न सुकवता दाणे साठवले की हे विष होतं, आणि तिकडच्या भुईमुगाचं ते जुनं दुखणं आहे.

याच भुईमुगावर कानो मोठं झालं. १९११ मध्ये रेल्वे पोहोचली ती इंग्रजांना कापूस हवा होता म्हणून. शेतकऱ्यांनी पेरला भुईमूग, कारण पैसा त्यात होता. पुढे पोत्यांचे पिरॅमिड रचले जात, एकेकात सुमारे १५,००० पोती. सत्तरच्या दशकातला दुष्काळ, १९७५ची भुईमुगावरच्या रोझेट रोगाची साथ आणि खनिज तेलाच्या पैशापुढे शेतीची झालेली आबाळ, यांत ते नाहीसे झाले. सुयाच्या मांसासाठी गुरं येतात मुख्यतः फुलानी जमातीच्या गुराख्यांकडून. कुरणं आटली, गुरांच्या वाटा नांगराखाली गेल्या, त्यावरून शेतकऱ्यांशी रक्तपात होतो. वर गुरं पळवणाऱ्या टोळ्या आहेत.

प्रमाण: ५०० ग्रॅम मांसाला ५० ग्रॅम याजी. काप ३-४ मिलिमीटरचे, धाग्याला आडवे. ३५ ग्रॅम पूड आणि दोन चमचे शेंगदाणा तेल चोळून अर्धा तास ठेवा. खोबरेल नको, त्याच्या वासाखाली किंबा दबतो. मीठ घालू नका, पुडीत स्टॉक क्यूब, म्हणजे रश्शाची खारट वडी, असतो. बांबूच्या काड्या भिजवून घ्या. करवंटीचे निखारे चांगले, पण ज्वाळ विझल्यावरच. दाण्याची पूड पटकन करपते आणि कडवट होते. उरलेली १५ ग्रॅम खाताना वरून भुरभुरा, सोबत कच्चा कांदा आणि टोमॅटो.

पुडीवर घटकांची चिठ्ठी नसते. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना आधीच सांगा.