एक दाबून धरा, निरोप ऐका : दुकानाच्या फोनवरचा व्हॉइसमेल, काही महिन्यांनंतर

मिस्ड कॉलवरून कुणीतरी फोन केला होता एवढंच कळतं. मोटार जळाली, बोअर आटला की नुसता भाव विचारायचा होता, ते कळत नाही. अंबाजोगाईजवळ आमचं पाण्याच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं दुकान आहे. घाटनांदूर, बर्दापूर, रेणापूरपर्यंतची गिऱ्हाइकं येतात. वाइंडिंग चालू असताना हात वार्निशनं माखलेले असतात आणि बोअरमधून पाईप वर काढत असताना तर फोन उचलताच येत नाही. बालाघाटाच्या उतारावरच्या काही शेतांत रेंजच नाही. म्हणून मृगाच्या आधी दुकानाच्या नंबरावर व्हॉइसमेल, म्हणजे फोन उचलला नाही तर समोरच्याचा निरोप त्याच्याच आवाजात भरून ठेवणारी सेवा लावली आणि ती एका बटणावर आणली : ‘१’ दाबून धरला की निरोप ऐकू येतात. आता रब्बीचं पाणी सुरू झालंय. तेव्हापासून रोज वापरतोय, म्हणून हा अनुभव लिहितोय.

आपल्याकडे व्हॉइसमेल फारसं कुणी वापरत नाही. बऱ्याच सिममध्ये त्याचा नंबरच भरलेला नसतो. ‘१’ दाबून धरलं की ‘व्हॉइसमेल नंबर नाही’ असा संदेश येतो आणि लोक तिथंच सोडून देतात. मी निरोप साठवणारा एक वेगळा नंबर मासिक भाड्यानं घेतला. न उचललेला आणि न लागलेला कॉल तिकडे वळवला. मग तोच नंबर फोनमध्ये व्हॉइसमेलचा नंबर म्हणून भरला. अँड्रॉइडवर फोन ॲपच्या सेटिंगमध्ये व्हॉइसमेल असतं, तिथं तो भरायचा. दोन सिम असतील तर दुकानाचंच सिम निवडलंय का, ते नीट बघा, कारण प्रत्येक सिमचा व्हॉइसमेल नंबर वेगळा असतो.

टचच्या फोनवर याला एका स्पर्शाचं काम म्हणता येणार नाही. कुलूप उघडा, फोन ॲप उघडा, कीपॅड आणा, मग ‘१’ दाबून धरा. तेलाच्या बोटाला काच दादही देत नाही. म्हणून दुकानाचं सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये टाकलं आणि खरा फरक तिथं पडला. पाचच्या बटणावर बारीक उंचवटा असतो, त्यावरून वरच्या कोपऱ्यातला ‘१’ अंधारातही बोटाला सापडतो. रात्रपाळीची लाईट असते तेव्हा शेतात उभं राहून नजर मोटारीच्या स्टार्टरवर आणि अंगठा ‘१’वर, असं जमतं. एवढ्यासाठी जुना फोन परत काढावा लागला तरी काढा, असं मी मनापासून सांगेन.

किती वेळ घंटी वाजल्यावर कॉल वळवायचा, यावर बरंच अवलंबून आहे. ही वेळ पाच सेकंदांच्या टप्प्यानं पाचपासून तीसपर्यंत ठेवता येते. मोबाइलची घंटी ३० सेकंद वाजावी, असं दूरसंचार नियामक ट्रायनं २०१९ मध्ये ठरवून दिलंय. त्यामुळं तीसवर ठेवून उपयोग नाही, आधी घंटी संपते. दहावर ठेवलं तर हात पुसून फोनपर्यंत पोचेस्तोवर कॉल निघून जातो. मला वीस जमलं.

सगळ्यात जास्त मेहनत स्वागताच्या आवाजावर घ्यावी लागली. सेवेचा स्वतःचा आवाज इंग्रजीतून बोलतो. तो ऐकला की आमच्याकडचा माणूस कंपनीची बाई बोलतेय असं समजून फोन ठेवतो. मी स्वतःच्या आवाजात भरलं : ‘रामराम, मिस्त्री कामात आहे. गावाचं नाव सांगा, मोटार किती एचपीची, बोअर का विहीर, आणि काय झालंय ते सांगा. आवाज वाजला की बोला.’ त्यानंतर निरोप यायला लागले, आणि काय निरोप! ‘मिस्त्री, मोटार चालू होतीय पण पाणी येईना गेलंय, ॲम्पियर बी कमीच दाखवायलंय.’ एवढं ऐकलं की बोअरचं पाणी खाली गेलंय किंवा शाफ्ट तुटलाय, हे जागेवर बसून ताडता येतं. ‘ॲम्पियर लई ओढायलीय, स्टार्टर खटकन पडायलाय’ म्हटलं की पंप जाम असेल किंवा फेज गेला असेल, मग टेस्टर आणि रिले घेऊनच निघतो. पूर्वी एक फेरी नुसती बघायला आणि दुसरी सामान घेऊन जायला लागायची. वयस्कर माणसं व्हॉट्सॲपवर लिहीत नाहीत, पण बोलायला लागली की सगळं सांगतात. मागं मोटारीचा आवाज येत असला तर तोही निदानाला कामी येतो.

कमी आहे ती खुणेची. कंपनीच्या स्वतःच्या व्हॉइसमेलचा निरोप आला की पडद्यावर टेपच्या दोन चाकांसारखी खूण येते. भाड्याच्या नंबराला ती येत नाही, मेसेज येतो, आणि तो उशिरा आला तर निरोप तसाच पडून राहतो. म्हणून दुपारी जेवायच्या आधी आणि दुकान बंद करताना ‘१’ दाबायचा, असा नेमच ठेवलाय. शिवाय वळवलेल्या कॉलची मिनिटं माझ्या खात्यावर मोजली जातात. प्लॅन बघून घ्या.

निरोप ऐकायला जो पिन टाकावा लागतो, त्याचं मात्र मनावर घ्या. ०००० किंवा १२३४ ठेवला तर कुणीही बाहेरून तुमचे निरोप ऐकू शकतो. व्हॉट्सॲपचा ओटीपी फोन करूनही सांगितला जातो. तो कॉल तुम्ही उचलला नाही तर ओटीपी व्हॉइसमेलमध्ये जाऊन पडतो आणि तिथून चोर उचलतो. इस्रायलच्या सरकारी सायबर यंत्रणेनं २०१८ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. नंबरापुढं विराम टाकून पिनही साठवता येतो, म्हणजे दरवेळी टाकायला नको. पण फोन हातात आला की तो कुणालाही वाचता येतो. मी पिन हातानं टाकतो. एक बटण दाबल्यावर चार आकडे जास्त, त्याचं काही वाटत नाही.

कॉल वळवायचा तो सेटिंगमधूनच वळवा. पार्सल अडकलंय, सिम बंद होईल असं सांगून कुणी कोड दाबायला लावला तर दाबू नका, त्यानं तुमचे कॉल चोराकडं जातात. याच कारणानं *४०१# दाबून कॉल वळवायची सेवा दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला लावली. शंका आली तर *#२१# दाबून बघा, सगळे कॉल कुठं वळलेत का ते दिसतं. ##००२# नं वळवलेलं सगळं रद्द होतं, पण मग व्हॉइसमेलही जातो आणि तो पुन्हा लावावा लागतो.

ज्यांचा फोन दिवसभर हातात असतो त्यांना याची गरज नाही. गवंडी, वेल्डर, ट्रॅक्टरवाले, जनावरांचे डॉक्टर, यांनी मात्र जरूर लावावा. आमच्या शेजारच्या वेल्डरला मागच्या आठवड्यात लावून दिला. स्वागताचा आवाज त्यानं स्वतःच भरलाय, दरवाजा की ग्रील आणि माप किती, एवढंच विचारतो.