सुगंधी चहाची पारख: दुसऱ्या कपाची कसोटी

सुगंधी चहाचा डबा उघडल्याबरोबर जो वास येतो, त्यावर भाळून चहा घेऊ नये. तसा वास कोणत्याही पत्तीला देता येतो. चहाची खरी प्रत कळते ती त्याच पत्तीवर दुसऱ्यांदा पाणी ओतल्यावर. फुलांचा वास पत्तीत मुरलेला असेल तर दुसऱ्या कपातही तो टिकतो, कधीकधी पहिल्यापेक्षा स्वच्छ लागतो. वरून तेल किंवा अर्क शिंपडलेला असेल तर तो बहुतेक पहिल्या पाण्याबरोबर निघून जातो आणि खालचा चहा जसा आहे तसा समोर येतो. मोगऱ्याचा हिरवा चहा, अर्ल ग्रे, दुधाळ ऊलाँग (ऊलाँग म्हणजे हिरव्या आणि काळ्याच्या मधला चहा), ओस्मान्थस, गुलाब, कमळ, धुरावलेला लॅपसांग सूशाँग आणि फळांचे तुकडे घातलेली मिश्रणं, हे सगळे सुटे चहा इथे याच कसोटीवर तोलले आहेत.

प्रमाण सगळ्यांना एकच: ३ ग्रॅम पत्ती, १५० मिलिलिटर पाणी. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा हवाच, कारण चमचा इथे फसवतो. घट्ट वळलेल्या गोळ्यांचा एक चमचा आणि सैल, लांब पत्तीचा एक चमचा यांच्या वजनात दुपटीहून जास्त फरक पडू शकतो. भांडं झाकणाचं, आतून पांढरं, चिनीमातीचं. पाणी उकळतं, हिरव्या चहालासुद्धा. प्यायला म्हणून हिरवा चहा ८० ते ८५ अंशांवरच छान लागतो, पण पारखताना दोष झाकले जाता कामा नयेत. पहिलं पाणी ३ मिनिटं, दुसरं ५ मिनिटं. पत्तीत सुकी फुलं मिसळलेली असतील तर वजन करण्याआधीच ती वेचून काढायची. आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय पद्धतीतही पाण्याला पत्तीचं हेच प्रमाण आहे, १०० मिलिलिटरला २ ग्रॅम. पण तिथे चहा एकदाच, ६ मिनिटं मुरवतात. साध्या चहाला ते पुरेसं आहे. सुगंधी चहाला नाही, कारण त्या पद्धतीत दुसरा कपच नसतो.

वास घ्यायचा तो झाकणाच्या आतल्या बाजूचा, आणि तीनदा: गरम असताना, कोमट झाल्यावर, गार झाल्यावर. गरम झाकणावर चटकन उडून जाणारे वास कळतात, कोमट झाल्यावर गोडवा कळतो, आणि गार पेल्यात दोष उघडे पडतात. कृत्रिम व्हॅनिला किंवा मलईचा वास गरम चहात बेमालूम मिसळलेला वाटतो. तोच चहा गार झाला की वास एकीकडे आणि चहा एकीकडे होतो. एका बैठकीत चार-पाच चहांपुढे जाऊ नये, नाक थकतं. क्रम सौम्याकडून उग्राकडे ठेवावा आणि लॅपसांग अगदी शेवटी. तो आधी घेतला तर पुढचे सगळे कप धुरकट लागतील. अंगाला अत्तर नको, खोलीत उदबत्ती नको. गाळणं स्टीलचं असावं. सिलिकॉन, प्लॅस्टिक आणि सच्छिद्र मातीच्या किटल्या अर्ल ग्रेमधलं बर्गामोटचं तेल आणि लॅपसांगचा धूर इतका धरून ठेवतात की साबणाने धुऊनही तो जात नाही.

आता मोगरा. ‘जस्मिन टी’ म्हटलं की अनेकांच्या मनात जाई-जुई येते, पण या चहातलं फूल जास्मिनम साम्बॅक, म्हणजे आपला मोगरा. चीनमधल्या फूचौ शहराची ही जुनी विद्या. तिथल्या मोगरा आणि चहाच्या शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये जागतिक कृषी वारशाच्या यादीत घेतलं. आज चीनमधला बहुतांश मोगरा मात्र ग्वांगशी प्रदेशातल्या हंगचौ भागात पिकतो.

हा चहा करायची रीत समजून घेतली की पारख निम्मी झाली म्हणून समजा. पत्ती वसंतातली, मोगरा उन्हाळ्यातला. म्हणून हिरवा चहा आधी करून ठेवतात आणि फुलांची वाट बघतात. कळ्या दुपारी, मिटलेल्या असतानाच खुडतात. त्या रात्री उमलतात आणि वास खऱ्या अर्थाने तेव्हाच सोडतात. त्या वेळी फुलं आणि पत्ती एकत्र ढिगात घालतात. ढीग आतून तापतो, म्हणून मधेच तो पसरून गार करतात आणि पुन्हा रचतात. सकाळी मलूल फुलं चाळून काढतात. फुलांमधलं पाणी पत्तीने शोषलेलं असतं, त्यामुळे पत्ती पुन्हा सुकवावी लागते, आणि सुकवताना थोडा वास उडतो. पुढच्या फेरीत ताजी फुलं, पुन्हा तेच. उत्तम प्रतीत अशा पाच-सात फेऱ्या होतात आणि वापरलेल्या फुलांचं एकूण वजन चहाच्या वजनापेक्षा जास्त भरतं. शेवटची फेरी थोड्याच, निवडक फुलांची असते आणि तिच्यानंतर पत्ती सुकवत नाहीत. डबा उघडताच जो टवटवीत वास येतो तो या शेवटच्या फेरीचा. आतला, दुसऱ्या-तिसऱ्या कपात येणारा वास आधीच्या फेऱ्यांचा.

म्हणूनच चांगल्या मोगऱ्याच्या चहात फुलं फारशी दिसत नाहीत. पाकळ्यांची पखरण दिसली तर ती नंतर शोभेसाठी टाकलेली असण्याचीच शक्यता जास्त. वास देऊन झालेलं फूल कपाला वासाऐवजी कडसरपणा देतं.

वास कमी असणं हा या चहातला एक दोष झाला, पण त्याहून वाईट दोष दुसरे आहेत. ढीग वेळेवर गार केला नाही किंवा फुलं त्यात जास्त वेळ राहिली तर चहाला शिळ्या गजऱ्यासारखा दबलेला वास येतो. मोगऱ्याच्या वासाला भर म्हणून कारखान्यात थोडी पांढऱ्या सोनचाफ्याची फुलंही वापरतात. प्रमाण बिघडलं की चाफा पुढे येतो आणि मोगरा मागे पडतो. अर्क शिंपडलेल्या चहाची ओळख वेगळी. मोगऱ्याच्या वासात बेन्झिल अ‍ॅसिटेट, लिनालूल, इंडोल अशी अनेक द्रव्यं मिळून काम करतात. स्वस्त अर्कात बेन्झिल अ‍ॅसिटेटच ठळक असतं, आणि चहा पिकल्या केळ्याकडे, नेलपॉलिशकडे झुकतो. दुसऱ्या कपात तो वास नाहीसा होतो आणि उरतं नुसतं तुरट पाणी.

मोत्यांसारख्या वळलेल्या गोळ्या दिसायला देखण्या असतात, पण आकारावरून प्रत ठरवू नका. गोळी पूर्ण उलगडू द्या. आत लवदार कळी आणि एक-दोन कोवळी पानं सलग निघाली तर चहा चांगला. तुकडे आणि देठ निघाले तर वळण्यामागे लपवाछपवी आहे. गोळ्यांना पहिल्या पाण्यात उलगडायला वेळ लागतो, म्हणून त्यांची तुलना सुट्या पत्तीशी करताना दुसरा कपच धरावा. रोजच्यासाठी २०० मिलिलिटरला ३ ग्रॅम, ८५ अंश, २ मिनिटं. या सगळ्या चहांत माझी पहिली पसंती मोगऱ्याच्या सुट्या, लवदार पत्तीला, गोळ्यांना दुसरी.

अर्ल ग्रे या कसोटीवर मोगऱ्यासारखा उतरणार नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. इथे वास फुलांनी मुरवलेला नसतो. बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल पत्तीवर शिंपडतात. हे फळ प्रामुख्याने इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात होतं. तेल वरचं असल्यामुळे दुसऱ्या कपात ते कमी होणारच. पाहायचं ते हे की तेल ओसरल्यावर खाली चहा उरतो का. श्रीलंकेतली उंचावरची पत्ती किंवा चीमनची, म्हणजे चीनच्या आनह्वी प्रांतातली पत्ती खाली असेल तर दुसरा कपही स्वतंत्रपणे पिण्याजोगा होतो. चुऱ्यावर तेल मारलेलं असेल तर तो करडा, नुसता कडवट निघतो.

तेलाचं प्रमाण जास्त झालं की चहा साबणासारखा किंवा फरशी पुसायच्या द्रवासारखा वास मारतो, आणि पेल्यात वर तेलकट तवंग दिसतो. तवंग कधी कधी पाण्याच्या जडपणामुळेही येतो, म्हणून शंका आली तर मऊ, गाळलेल्या पाण्यात पुन्हा करून पाहा. दुसरा नेहमीचा दोष जुनेपणाचा. लिंबूवर्गीय तेलात लिमोनीन हे द्रव्य भरपूर असतं आणि हवेशी संयोग होऊन त्याला टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागतो. डबा वर्षभर उघडझाप करत वापरला की हे होतंच, म्हणून अर्ल ग्रे ५० ग्रॅमपेक्षा जास्त एका वेळी घेऊ नये. निळ्या कॉर्नफ्लॉवरच्या पाकळ्या केवळ रंगासाठी असतात, त्यांना चव नाही. त्यांच्यासाठी जादा पैसे मोजू नका. ९५ अंश, ३ मिनिटं. चार मिनिटांपुढे तेल उडत जातं आणि तुरटपणा वाढत जातो, म्हणजे दोन्हीकडून तोटा. दूध घालायचंच असेल तर आसामसारख्या दळदार पत्तीवर केलेला अर्ल ग्रे निवडा; हलक्या पत्तीवर दुधाखाली बर्गामोट गुदमरतो.

सर्वांत जास्त फसवणूक दुधाळ ऊलाँगमध्ये होते. मुळात हा चिन श्वान नावाच्या वाणाचा चहा. तैवानच्या चहा संशोधन केंद्राने १२ क्रमांकाचं वाण म्हणून तो १९८१ मध्ये प्रसृत केला. त्याच्या पत्तीतच एक सौम्य, सायीसारखा गुण असतो. तो वासापेक्षा जिभेवर जास्त जाणवतो आणि सुकी पत्ती हुंगली तर फुलांचा, थोडा गवताचा वास येतो. पाकीट फोडताच आटवलेल्या दुधाचा, टॉफीचा भपका आला तर तो वरून दिलेला आहे. खात्री करायला गोळ्यांवर उकळतं पाणी ओतून दहा सेकंदांत काढून घ्या आणि ते पाणी चाखा. सगळी मलई त्याच पाण्यात उतरली आणि तिसऱ्या कपात चहा मुका झाला, तर उत्तर मिळालं. अर्क दिलेला चहा टाकाऊ असतोच असं नाही, काहींना तोच आवडतो. पण तो अस्सल चिन श्वानच्या भावाने घेण्यात अर्थ नाही.

ओस्मान्थसची इवली पिवळी फुलं जर्दाळूसारखा वास देतात आणि ऊलाँगवर तो अप्रतिम बसतो. फार भाजलेल्या पत्तीवर मात्र करपट वास फुलांना गिळून टाकतो. हा चहा तिसऱ्या कपापर्यंत चांगला टिकतो. गुलाबाच्या काळ्या चहाने मात्र निराशा होते. सुक्या पाकळ्या मिसळून वास येत नाही, फक्त तोंड कोरडं पडतं. ताज्या फुलांत मुरवलेला मिळाला तरच घ्यावा. व्हिएतनाममध्ये हनोईच्या पश्चिम तलावावरच्या कमळांचा चहा याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. कमळाच्या पुंकेसरांच्या टोकांवरचे पांढरे दाणे काढून ते हिरव्या पत्तीत थरांनी मुरवतात, आणि एक किलो चहाला हजाराच्या आसपास फुलं लागतात. वास किंचित बडीशेपेकडे जातो. महाग आहे, पण का महाग आहे ते कपात कळतं.

लॅपसांग सूशाँगला पाइनच्या लाकडाचा धूर देतात. मूळ गाव फूच्येन प्रांताच्या वूयी डोंगरातलं थुंगमू. चांगल्या लॅपसांगमध्ये धूर पहिल्या कपात पुढे असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या कपात मागे सरून सुक्या फळांसारखा गोडवा वर येतो. वाईट लॅपसांग पहिल्या कपात डांबर आणि दुसऱ्यात राख. घशाला खवखव झाली तर पत्ती बाजूला ठेवा, ती कितीही जपून मुरवली तरी सुधारत नाही.

फळांच्या मिश्रणांबद्दल थोडक्यात. वजनातला मोठा वाटा सफरचंदाच्या सुक्या फोडी आणि अंबाडीच्या जातीच्या लाल जास्वंदीचा, म्हणजे हिबिस्कसचा असतो, चहा नावापुरता. हिबिस्कस आंबट, त्यामुळे दूध घातलं की नासतं. शिवाय डब्यात जड बारीक कण तळाशी आणि फोडी वर राहतात, म्हणून पहिला कप फिका आणि शेवटचा उग्र होतो. डबा आडवा करून हलक्या हाताने फिरवा, चमचा तळापर्यंत घाला आणि ३ ऐवजी ५ ग्रॅम घ्या.

वेष्टनावरची घटकांची यादी वाचायची सवय लावावी. खऱ्या मुरवलेल्या चहात ‘हिरवा चहा, मोगरा’ एवढंच असतं. युरोपीय संघाच्या २००८च्या नियमांप्रमाणे ‘नॅचरल बर्गामोट फ्लेवरिंग’ लिहायचं तर त्यातला वास देणारा भाग किमान ९५ टक्के बर्गामोटमधूनच आलेला असावा लागतो. नुसतं ‘नॅचरल फ्लेवरिंग’ लिहिलं असेल तर तो भाग नैसर्गिक असतो, पण नाव घेतलेल्या फळाचाच असेल याची हमी नाही. केवळ ‘फ्लेवरिंग’ म्हटलं असेल तर नैसर्गिकपणाचाही दावा केलेला नाही.

साठवण करताना प्रत्येक चहाला वेगळा, घट्ट झाकणाचा, अपारदर्शक डबा. जी पत्ती मोगऱ्याचा वास ओढून घेते ती शेजारच्या लॅपसांगचा धूर आणि कपाटातल्या मसाल्यांचा वासही तितक्याच तत्परतेने ओढते. फ्रिजमध्ये ठेवलेला डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, नाहीतर पत्तीवर दव धरतं. आणि वास गेलेली पत्ती कढईत गरम करून परत आणायचा प्रयत्न करू नका. उष्णतेने राहिलेला वासही जातो. तशी पत्ती फ्रिजमध्ये थंड पाण्यात, अर्ध्या लिटरला ६ ग्रॅम, सहा-आठ तास मुरवली तर निदान तुरटपणा कमी उतरतो आणि जो थोडा मोगरा उरला असेल तो जिभेला कळतो.