सर्दीवरची दोन चिनी औषधं : ग्वेइ-झी थांग आणि यिन-छ्याओ

दोन्हींच्या पाकिटावर ‘सर्दी-पडशासाठी’ असंच लिहिलेलं असतं, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. चिनी वैद्यकात सर्दी हे एक दुखणं धरत नाहीत. थंडी बाधली की उष्णता, घाम येतोय की नाही, तहान आहे का, घसा कसा आहे, हे पाहूनच औषध ठरतं. म्हणून यातलं सरस कोणतं, असं विचारण्यात अर्थ नाही. एकाच्या जागी दुसरं घेतलं तर दोन्ही वाया जातात.

ग्वेइ-झी थांग हा इ. स. 200 च्या सुमाराचा, चिनी वैद्य चांग चुंगचिंग यांचा काढा. वारा अंगाला नकोसा वाटतो, कणकण आहे, नाक पाण्यासारखं वाहतंय, डोकं जड आहे आणि तरीही आपोआप थोडा घाम येतोय, अशा वेळी तो द्यायचा. घाम अजिबात नसेल आणि सगळं अंग मोडून आलं असेल, तर हा काढा नव्हे. घसा लाल होऊन टोचत असेल, तहान लागत असेल, तरीही नव्हे. त्यातल्या दालचिनी-आल्याने घशाची आग वाढते.

आज साधारणपणे एका दिवसासाठी दालचिनीच्या कोवळ्या डहाळ्या 9 ग्रॅम, पांढऱ्या पिओनीचं मूळ 9 ग्रॅम, ताजं आलं 9 ग्रॅम, मधात परतलेला ज्येष्ठमध 6 ग्रॅम आणि 3-4 लाल बोरं घेतात. बोरं फोडूनच टाकायची; अख्खी टाकली तर गर काढ्यात उतरत नाही. भांडं मातीचं, काचेचं किंवा स्टीलचं घ्यावं. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम नको. सगळं अर्धा तास भिजवून मंद आचेवर पाणी निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवायचं. मूळ कृतीत सात माप पाण्याचं तीन माप करून एका वेळी एक माप द्यायला सांगितलं आहे.

खरी करामत पुढे आहे, आणि पाकिटावर नेमकी तीच छापलेली नसते. गरम काढा प्यायल्यावर थोड्या वेळाने वाडगाभर पातळ, गरम भाताची पेज प्यायची आणि सुमारे दोन तास पांघरूण घेऊन पडून राहायचं. सर्वांगाला बारीक ओल सुटली पाहिजे. कपाळ आणि मान हाताला दमट लागावी, पण थेंब ओघळता कामा नयेत. घामाच्या धारा लागल्या तर दुखणं हटत नाही, असा मूळ ग्रंथातच इशारा आहे. लोक जाड रजया घेऊन घामाघूम होतात, मग उठून वाऱ्यावर बसतात आणि काढा लागू पडला नाही म्हणतात. पहिल्याच मात्रेला घाम येऊन बरं वाटलं तर उरलेला काढा घ्यायचा नाही. घाम आला नाही तर पुढची मात्रा, आणि तरीही नाही तर अंतर कमी करून अर्ध्या दिवसात तिन्ही. तोवर कच्चं, थंड, मांसाहार, दूधदुभतं, दारू बंद.

याची ग्रॅन्यूल्स मिळतात आणि ती बरी आहेत. कपभर उकळत्या पाण्यात विरघळवून गरमच घ्यायची, वर पेज. पेजेशिवाय घेतलेली ग्रॅन्यूल्स म्हणजे अर्धंच औषध. गोळ्यांच्या स्वरूपात मात्र हे औषध घेऊ नये. गार पाण्याच्या घोटाबरोबर गिळलेल्या गोळीत ती ऊब कुठून येणार?

यिन-छ्याओची गोष्ट नेमकी उलटी. वैद्य वू च्युथुंग यांनी 1798 मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ग्रंथातलं हे चूर्ण : हनीसकलच्या कळ्या, फोर्सिथियाची फळं, पुदिन्याच्या जातीचं बोहे, बर्डॉकचं बी वगैरे. घसा खवखवतोय, थंडीपेक्षा ताप जास्त, तोंड कोरडं, जिभेचं टोक लाल, ही त्याची वेळ. ते बोरूच्या ताज्या मुळांच्या पाण्यात उकळायचं, आणि सुगंध दरवळला की लगेच उतरवायचं. जास्त उकळलं की तो उडून जातो आणि उरतं नुसतं कडू पाणी. म्हणून जडीबुटी आणून घरी काढा करणाऱ्यांचं इथेच चुकतं : पहिल्या काढ्याच्या सवयीने हाही आटवत बसतात.

तयार गोळ्या या औषधाला चालतात, पण घसा धरल्याच्या पहिल्या दिवशी, फार तर दुसऱ्या. कफ छातीत उतरल्यावर त्यांचा उपयोग नाही. थंडी वाजत असताना घेतल्या तर हुडहुडी वाढते आणि भूक मरते.

पुराव्याचं सांगायचं तर 2011 मध्ये चीनमधल्या एच1एन1 (स्वाइन फ्लू) च्या 410 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ताप लवकर उतरला. पण तिथे यिन-छ्याओ दुसऱ्या एका काढ्याबरोबर दिलं होतं आणि डमी औषध कुणालाच दिलं नव्हतं. तो दाखला दुकानातल्या गोळीच्या जाहिरातीत वापरणं बरोबर नाही.

विकत घेताना नाव पूर्ण वाचा. ‘व्हिटॅमिन सी यिन-छ्याओ’ ही वेगळीच वस्तू आहे. चीनमधल्या प्रमाणित गोळीत पॅरासिटामॉल 105 मिलिग्रॅम आणि झोप आणणारं क्लोरफेनिरामिन असतं. वनस्पतींचं औषध म्हणून ती घेऊन वर तापाची वेगळी गोळी घेतली की पॅरासिटामॉल दुहेरी जातं आणि भार यकृतावर पडतो. ती घेऊन गाडी चालवू नये. घटकांच्या यादीत मा-ह्वांग (एफेड्रा ही वनस्पती) दिसलं तर रक्तदाब आणि हृदयाच्या रुग्णांनी पाकीट परत ठेवावं. त्यात रक्तदाब वाढवणारं एफेड्रिन असतं. ग्वेइ-झीतल्या ज्येष्ठमधानेही रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं, म्हणून लघवीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा गरोदरपण असेल तर दोन्ही नकोत.

यातलं कोणतंही औषध तीन दिवसांपुढे ओढू नका. ताप तिसऱ्या दिवशीही असेल, किंवा त्याआधीच धाप लागली, छातीत दुखलं, तर डॉक्टरकडे जा आणि जाताना पाकीट बरोबर न्या, म्हणजे पोटात काय गेलंय ते त्यांना कळेल.