बंदर नसलेल्या गावात नॅव्हिगेशनचं पुस्तक

सोलापूर १७ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांशावर. हेच अक्षवृत्त पश्चिमेला नेलं तर दाभोळ आणि हर्णैच्या मधे समुद्राला लागतं. समुद्राशी आपलं नातं एवढंच. म्हणून मर्चंट नेव्हीच्या तयारीला इथे वापरायचं हे प्राथमिक नॅव्हिगेशनचं इंग्रजी पुस्तक एकाच कसोटीवर तपासलंय: बोट नाही, क्षितिज नाही, फक्त टेबल आणि चार्ट आहे, तर ते किती शिकवतं?

चार्टवर्क शिकवावं तर असं. अंतर बाजूच्या अक्षांशपट्टीवरच आणि आपल्या जागेच्या समोरच मोजायचं, हे पहिल्याच धड्यात ठासून सांगितलंय. तिथलं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. रेखांशपट्टीवर मोजलं तर ६० अंशांवर २० मैलांचे ४० होतात, हे पुस्तकातलं उदाहरण डोळ्यात भरतं. आपल्या अक्षांशावर मात्र २० चे २१ होतात. चूक लपते ती इथेच, तेव्हा शिक्षकाने हेही करून घ्यावं.

सगळ्यात सरस प्रकरण प्रवाहाच्या त्रिकोणाचं. आधी जायची रेघ, मग सुरुवातीच्या बिंदूपासून एका तासाचा प्रवाह, मग प्रवाहाच्या टोकावर डिव्हायडर (दोन टोकांचा कंपास) टेकवून बोटीच्या तासाभराच्या अंतराचा कंस. तो मूळ रेघेला छेदेल तिथे जोडायचं. मुलं कंस न काढता टोक थेट मुक्कामाशी जोडतात आणि दिशा चुकते. बोट ६ नॉट (तासाला ६ सागरी मैल), प्रवाह २ नॉट आणि रेघेला काटकोनात असेल, तर बोटीचं तोंड प्रवाह येतो त्या बाजूला साडेएकोणीस अंश वळवावं लागतं आणि प्रत्यक्ष वेग सुमारे ५.७ नॉट उरतो. पुस्तकाने मुलांची ती चुकीची आकृतीही छापलीय, हे फार बरं केलं.

होकायंत्राचं प्रकरण मात्र अर्धवट. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेरिएशन, म्हणजे खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक, एक अंशाच्या आत असतं, म्हणून मुलं ते सोडूनच देतात. उदाहरणात ६ अंश पश्चिम घेतलंय, ते योग्यच. पण डेव्हिएशनचा, म्हणजे जहाजाच्या लोखंडामुळे होकायंत्रात येणाऱ्या चुकीचा, तक्ता देऊन एक वाक्य गाळलंय: तक्त्यात बघायचं ते जहाजाच्या तोंडाची दिशा घेऊन, दीपगृहाचा दिशाकोन घेऊन नाही. जहाज ०४० अंशांवर चाललंय आणि दीपगृह ३१० अंशांवर दिसतंय, तर दोन्ही दुरुस्त्यांना ०४० चंच डेव्हिएशन. या एका वाक्याअभावी तीन खुणांच्या दिशांच्या रेघा एका बिंदूत मिळायच्या तिथे होणारा त्रिकोण उगाच मोठा येतो.

भरतीचं पाणी तासागणिक किती चढतं याचा अंदाज देणारा बाराव्या भागाचा नियम ठीक.

आकाशाचा भाग समुद्राचं क्षितिज गृहीत धरून लिहिलाय. सिद्धेश्वर तलावाच्या पाण्याची कड त्याला चालत नाही, पलीकडचा काठ फार जवळ. इथे काळ्या ताटलीत काकवी किंवा जाड तेल ओतून त्यातल्या प्रतिबिंबावर सूर्य उतरवावा लागतो. सेक्स्टंटच्या (सूर्याची उंची कोनात मोजायच्या यंत्राच्या) दोन्ही काळ्या काचा लावायच्या, कारण प्रतिबिंबही डोळा जाळतं. आलेल्या कोनाला आधी इंडेक्स एररची (यंत्राच्या शून्यातल्या चुकीची) दुरुस्ती, मग निम्मं, मग वातावरणातल्या वक्रीभवनाची. डिपची, म्हणजे डोळ्याच्या उंचीमुळे क्षितिज खाली दिसण्याची, लागत नाही. कोन दुप्पट येतो आणि सेक्स्टंट साधारण १२० अंशांना थांबतो, म्हणून दुपारचा सूर्य ६० अंशांखाली हवा. डिसेंबरअखेर तो ४९ अंशांवर असतो, ताटलीत ९८, जमतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर, तेव्हा नाद सोडावा. पुस्तकात यातलं काहीच नाही.

सरावाचा चार्ट घडी घालून जोडलाय आणि घडीवर फाटतो. आधीच झेरॉक्स काढून ठेवा, पण दोन तुकड्यांत काढायची तर दोन्ही शंभर टक्क्यांवरच. एक तुकडा पानात बसवायला लहान केला, तर जोडावर रेघ मोडते आणि पोरं पॅरलल रूलरला (समांतर रेघा ओढायच्या जोडपट्टीला) दोष देतात. पेन्सिल २बी.